ब्लॅकजॅक: पैज किती लावावी आणि जोखीम केव्हा घ्यावी

ब्लॅकजॅकमध्ये जोखीम घेण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि बहुतेक खेळाडू नेमक्या त्याच जागी कच खातात. दोन-तीन डाव सलग गेले की पुढच्या डावावर दुप्पट चिपा सरकवणारा खेळाडू, स्वतःच्या पानांची बेरीज ११ आणि डीलरपुढे छक्की असताना मात्र ‘आहे तेवढे पुरे’ म्हणून डबल करायचे, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचे, टाळतो. पहिल्या ठिकाणी वाढवलेल्या पैशाला गणिताचा कसलाही आधार नसतो. दुसऱ्या ठिकाणी पैसा न वाढवणे म्हणजे खेळाने स्वतःहून देऊ केलेला फायदा नाकारणे असते. या दोन धाडसांतला फरक ऐन टेबलावर ओळखता यावा, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

वाचकाला खेळाचे मूळ नियम ठाऊक आहेत असे धरून पुढे लिहितो. चित्राची पाने दहाची, एक्का सोयीनुसार एकचा किंवा अकराचा, बेरीज २१ च्या जवळ न्यायची पण पुढे जाऊ द्यायची नाही, आणि डीलरला स्वतःची बेरीज १७ होईपर्यंत पत्ते घ्यावेच लागतात. डीलरला मन नसते, तो नियमाने बांधलेला असतो. म्हणूनच त्याच्या उघड्या पत्त्यावरून आपला योग्य निर्णय आधीच काढून ठेवता येतो. हे काम प्रथम नीट केले ते अमेरिकी सैन्यात असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी. संगणक हाताशी नसताना त्यांनी साध्या हिशेबयंत्रांवर प्रत्येक बेरजेचे गणित केले आणि १९५६ साली ते अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ संगणकावर ते अधिक काटेकोर केले. आज ज्याला ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात, ती या कामातूनच आलेली आहे.

ही पद्धत तंतोतंत पाळली, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी पन्नास-साठ पैसेच कॅसिनोकडे जातात. या प्रमाणाला ‘हाऊस एज’ म्हणतात. ते पूर्ण नाहीसे होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे: अचूक खेळणाऱ्यालाही हा खेळ दीर्घकाळात थोडा खर्चाचाच पडतो. अचूकतेने तो खर्च किती खाली आणता येतो, एवढेच आपल्या हातात आहे आणि तो फरक मोठा आहे.

बसण्याआधी टेबल वाचावे

प्रत्येक टेबलावर किमान व कमाल पैज लिहिलेली पाटी असते. लोक तिच्यावरची किमान रक्कम पाहतात आणि खुर्ची ओढतात. खरे पाहायचे असते ते टेबलाच्या कापडावर छापलेले वाक्य: ब्लॅकजॅक लागल्यास ३ ला २ मिळतात की ६ ला ५. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचे पान येण्याचा, म्हणजे ब्लॅकजॅकचा, योग साधारण २१ डावांत एकदा असतो. ५०० रुपयांच्या पैजेवर ३ ला २ या दराने ७५० रुपये मिळतात, ६ ला ५ या दराने ६०० रुपये. दीडशे रुपयांचा हा फरक दर डावाला वाटून पाहिला, तर हाऊस एज सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. तासाला ६० डाव धरले, तर ज्या टेबलावर सरासरी १८० रुपये जायचे तिथे ६०० रुपये जातात, आणि त्यासाठी आपण एकही चूक केलेली नसते. ६ ला ५ च्या टेबलावर बसू नये. किमान पैज कमी असली तरीही बसू नये.

त्यानंतर डीलरला चार गोष्टी विचाराव्यात, आणि विचारण्यात संकोच बाळगू नये. सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का अकरा धरून १७ झाल्यावर, डीलर थांबतो की पत्ता घेतो? घेत असेल, तर आपले सुमारे ०.२ टक्के जातात. स्प्लिट, म्हणजे जोडी फोडून तिचे दोन वेगळे डाव, केल्यानंतर डबल करता येते का? येत असेल, तर थोडा लाभ आपल्या बाजूला. सरेंडर, म्हणजे निम्मी पैज सोडून डावातून बाहेर पडण्याची मुभा, आहे का? आणि चौथा प्रश्न, जो फार थोडे लोक विचारतात: डीलर आपला दुसरा पत्ता सुरुवातीलाच घेतो, की सर्व खेळाडूंचे खेळून झाल्यावर? तो नंतर घेत असेल आणि तेव्हा त्याचा ब्लॅकजॅक निघाला, तर डबल व स्प्लिटसाठी वाढवलेली रक्कमही जाते. अशा टेबलावर डीलरपुढे दहाचे पान किंवा एक्का असताना ११ वर डबल करू नये आणि अठ्ठ्यांची जोडीही फोडू नये.

रक्कम घरी ठरवावी, चिपा हप्त्याने घ्याव्यात

एका पैजेची रक्कम त्या संध्याकाळसाठी बाजूला काढलेल्या पैशाच्या चाळिसाव्या भागाहून अधिक नसावी. ५०० रुपयांची पैज लावायची असेल, तर २०,००० रुपये गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही याची खात्री हवी. तशी नसेल, तर ते टेबल आपले नव्हे. हा आकडा कुठून आला तेही पाहू. तासाला ६० याप्रमाणे चार तासांत २४० डाव होतात. चांगल्या टेबलावर त्यांत सरासरी ७२० रुपये जातील, पण ब्लॅकजॅकमधला चढउतार इतका तीव्र आहे की नऊ हजारांनी वर किंवा नऊ हजारांनी खाली असणे ही त्या संध्याकाळची सर्वसाधारण गोष्ट मानावी लागते. क्वचित हा उतार अठरा हजारांपर्यंत जातो. चाळीस पैजांची शिदोरी असेल, तर असा उतार सोसूनही बहुधा खेळात टिकता येते आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, डबल किंवा स्प्लिटची संधी आल्यावर चिपा नाहीत म्हणून ती सोडावी लागत नाही. दहा पैजांचे पैसे घेऊन बसलेला खेळाडू नेमक्या त्याच वेळी हात आखडता घेतो.

भारतात खेळणाऱ्यांनी आणखी एक हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण तो वरच्या सगळ्या टक्केवारीला गिळून टाकू शकतो. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिपा घेण्यासाठी मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे. जिंकलेल्या रकमेतून पुढे लावलेल्या पैजांवर तो पुन्हा लागत नाही. मात्र घेतलेल्या चिपा न खेळता परत केल्या, तरी कराच्या हिशेबातून ती रक्कम वजा होत नाही. कराचा किती भार कॅसिनो स्वतः उचलतो आणि किती ग्राहकावर टाकतो, हे खिडकीवर स्पष्ट विचारावे: ‘दहा हजार रुपये दिले, तर हातात किती रुपयांच्या चिपा येतील?’ सगळा कर ग्राहकाने सोसायचा असेल, तर दहा हजारांत सुमारे ७,१४३ रुपयांच्याच चिपा येतात, म्हणजे एकही पत्ता वाटला जाण्याआधी २,८५७ रुपये गेलेले असतात. यासाठीच संध्याकाळची पूर्ण रक्कम एकदम चिपांत बदलू नये. पाच-पाच हजारांच्या हप्त्याने घ्यावी आणि पहिल्या हप्त्यावर जितके खेळता येईल तितके खेळावे. याखेरीज जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के या दराने आकारला जातो आणि त्यातून हरलेली रक्कम वजा मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

डीलर दुबळा असताना पैसा वाढवावा

डीलरचा उघडा पत्ता ४, ५ किंवा ६ असेल, तर तो २१ च्या पुढे जाऊन बाद होण्याची शक्यता साधारण ४० ते ४२ टक्के असते. तोच पत्ता ७ किंवा त्याहून मोठा असेल, तर ही शक्यता २६ टक्के किंवा त्याहून कमी होते. छक्की आणि सत्ती यांच्यामधली ही रेघ मनात पक्की कोरून ठेवावी, कारण जोखमीचे बहुतेक निर्णय तिच्यावरूनच होतात. रेघेच्या अलीकडे डीलर अडचणीत असतो: तिथे आपण पैसा वाढवायचा, आणि आपली बेरीज अवघड असेल तर स्वस्थ थांबून त्याला बाद होऊ द्यायचे. रेघेच्या पलीकडे त्याची बेरीज चांगली होणार असे धरून चालायचे आणि स्वतः बाद होण्याची जोखीम पत्करूनही पत्ता घ्यायचा.

आता सुरुवातीचे उदाहरण जवळून पाहू. पैज ५०० रुपयांची, आपल्याकडे ६ आणि ५, डीलरपुढे छक्की. नुसता पत्ता घेत खेळलो, तर या स्थितीतून सरासरी सुमारे १६५ रुपये मिळतात. डबल केले, म्हणजे आणखी ५०० लावून एकच पत्ता घेतला, तर सरासरी सुमारे ३३० रुपये मिळतात. त्या एका पत्त्यावर दुर्री येऊन डाव फसू शकतो, आणि तो फसलेला डाव पुढे बराच वेळ डोळ्यांसमोर राहतो. पण अशी स्थिती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी डबल न करणारा सरासरीने दर वेळी १६५ रुपये टेबलावर सोडून उठतो. म्हणून ११ वर डीलरच्या २ ते १० पर्यंतच्या प्रत्येक पत्त्यासमोर डबल करावे. डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असेल, तर एक्क्यासमोरही करावे. दुसरा पत्ता उशिरा घेणाऱ्या टेबलाचा अपवाद वर सांगितलाच आहे. १० वर २ ते ९ समोर डबल करावे, ९ वर फक्त ३ ते ६ समोर.

एक्का असलेल्या पानांत डबल करायला लोक त्याहून जास्त घाबरतात, खरे तर तिथे बाद होण्याची भीतीच नसते. एक्का-छक्की किंवा एक्का-सत्ती असताना डीलरपुढे ३, ४, ५ किंवा ६ असेल, तर डबल करावे. एक्का-चार आणि एक्का-पंजी ४ ते ६ समोर, एक्का-दुर्री आणि एक्का-तिर्री ५ व ६ समोर डबल करावीत. एक्का-छक्कीच्या सॉफ्ट १७ वर तर कधीच थांबू नये. ती बेरीज फक्त डीलर बाद झाला तरच जिंकते आणि तिच्यावर पत्ता घेतल्याने बाद होण्याचा प्रश्नच येत नाही. एक्का-सत्तीचे १८ दिसायला चांगले दिसतात, पण डीलरपुढे नव्वी असताना तिथे थांबल्यास ५०० रुपयांवर सरासरी ९२ रुपये जातात, पत्ता घेतल्यास ५० रुपये. नव्वी, दहाचे पान आणि एक्का यांच्यासमोर सॉफ्ट १८ वर पत्ता घ्यावा.

जोड्या फोडण्याचे, म्हणजे स्प्लिटचे, नियम थोडक्यात असे. एक्क्यांची व (दुसरा पत्ता उशिरा घेणाऱ्या टेबलाचा अपवाद सोडून) अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडावी; दहाची व पंजींची कधीही फोडू नये. नव्व्या २ ते ६, ८ आणि ९ समोर फोडाव्यात, सत्तीसमोर नाही, कारण तिथे आपले १८ डीलरच्या संभाव्य १७ वर भारी असतात. सत्त्या २ ते ७ समोर, छक्क्या २ ते ६ समोर, दुर्र्या आणि तिर्र्या २ ते ७ समोर फोडाव्यात. मात्र स्प्लिटनंतर डबलची मुभा नसेल, तर दुर्र्या-तिर्र्यांसाठी ४ ते ७ एवढीच मर्यादा ठेवावी. चौक्यांची जोडी ही मुभा असेल तर फक्त ५ व ६ समोर फोडावी, एरवी ८ समजून पत्ता घ्यावा.

अठ्ठ्यांच्या जोडीवर थोडे अधिक लिहायला हवे. डीलरपुढे दहाचे पान आणि आपल्याकडे दोन अठ्ठ्या. इथे आणखी ५०० रुपये काढून ठेवणे म्हणजे हरत्या घोड्यावर पैसा लावणे वाटते. पण १६ म्हणून पत्ता घेतला, तर सरासरी सुमारे २७० रुपये जातात आणि फोडून खेळले, तर सुमारे २४० रुपये. म्हणजे इथली वाढीव जोखीम नफ्यासाठी नसते, तोटा तीस रुपयांनी कमी करण्यासाठी असते. ब्लॅकजॅकमधले निम्मे योग्य निर्णय याच जातीचे आहेत, आणि ‘या डावात जिंकण्याची शक्यता आहे का’ असा प्रश्न विचारणाऱ्याला ते कधीच पटत नाहीत. विचारायचा प्रश्न असा: दोन्ही मार्गांपैकी कमी कशात जाते?

१२ ते १६ या अवघड बेरजांनाही हीच कसोटी लावावी. १३ ते १६ असताना डीलरपुढे २ ते ६ असेल तर थांबावे, ७ किंवा अधिक असेल तर पत्ता घ्यावा. १६ वर पत्ता घेतल्यास तेरापैकी आठ प्रकारची पाने आपल्याला बाद करतात, म्हणजे ६१ टक्क्यांहून अधिक वेळा. तरीही सत्तीसमोर थांबणारा पाचशेवर सरासरी २३८ रुपये गमावतो आणि पत्ता घेणारा २०७. १२ ची गोष्ट निराळी आहे. तिथे फक्त दहाचे पान बाद करते, म्हणून २ आणि ३ समोर पत्ता घ्यावा आणि ४, ५, ६ समोरच थांबावे. दुर्रीसमोर १२ वर थांबलेल्या खेळाडूचे सरासरी १४६ रुपये जातात, पत्ता घेणाऱ्याचे १२७.

१६ विरुद्ध दहाचे पान ही सर्वांत वाईट जागा. थांबले काय आणि पत्ता घेतला काय, सरासरी २७० रुपये जातात. फरक इतका सूक्ष्म आहे की त्यावर जीव टाकू नये. सरेंडरची सोय असेल, तर इथे आणि ९ किंवा एक्क्यासमोर १६ असताना, तसेच दहाच्या पानासमोर १५ असताना ती वापरावी. निम्मी रक्कम देऊन बाहेर पडणे अनेकांना भ्याडपणाचे वाटते, पण २७० ऐवजी २५० देणे हा शुद्ध व्यवहार आहे.

याच ठिकाणी टेबलावरच्या एका नेहमीच्या वादाचाही निकाल लावतो. शेवटच्या खुर्चीवरच्या खेळाडूने पत्ता घेतला आणि त्यामुळे डीलर बाद व्हायचा वाचला, तर बाकीचे त्याच्यावर संतापतात. पुढचा पत्ता कोणता आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तो उचलल्याने डीलरला जितक्या वेळा फायदा होतो तितक्याच वेळा तोटा होतो. दुसऱ्याच्या खेळावर राग धरू नये, आणि शेवटच्या खुर्चीवर बसलो म्हणून स्वतःचा योग्य निर्णय बदलूही नये.

इन्शुरन्स घेऊ नये

डीलरपुढे एक्का आला की तो इन्शुरन्स विचारतो. नाव विम्याचे असले, तरी ती डीलरचा दुसरा पत्ता दहाचा आहे अशी एक वेगळी पैज आहे, आणि ती २ ला १ देते. ती बरोबरीची ठरायला दर तीन पत्त्यांत एक दहाचा असायला हवा. सहा जोडांच्या शूमध्ये, म्हणजे पत्ते वाटण्याच्या पेटीत, डीलरचा एक्का बाजूला केल्यावर उरलेल्या ३११ पत्त्यांत दहाची पाने ९६ असतात, म्हणजे तिसऱ्या भागाहून कमी. या पैजेवर हाऊस एज सात टक्क्यांहून अधिक पडतो. आपल्याकडे स्वतःचा ब्लॅकजॅक असताना डीलर ‘इव्हन मनी’ देऊ करतो तोही हाच इन्शुरन्स. पाचशेवर खात्रीचे ५०० घेण्याऐवजी नकार दिला, तर सरासरी ५१९ रुपये मिळतात. जोडी लागेल, तीन पानांचा सिक्वेन्स लागेल अशा शेजारच्या गोलांतल्या साइड बेटांबाबत एकच सांगतो: त्या गोलांत चिप ठेवू नये.

हरल्यावर दुप्पट करण्याची पद्धत

मार्टिंगेल या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ऐकायला बिनतोड वाटते. ५०० हरलो तर १,०००, ते हरलो तर २,०००, आणि जेव्हा केव्हा जिंकू तेव्हा सगळे वसूल होऊन वर ५०० मिळतील. सलग सात वेळा हरल्यावर मात्र ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठवी पैज ६४,००० रुपयांची लागते. पाटीवरची कमाल मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते. बरोबरीचे डाव सोडले, तर ब्लॅकजॅकमध्ये एखादा डाव हरण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक, साधारण ५३ ते ५४ टक्के असते. त्या हिशेबाने नव्याने सुरू केलेल्या प्रत्येक साखळीत सलग सात पराभव होण्याची शक्यता सुमारे ऐंशीत एक येते. ७९ साखळ्यांत ५०० प्रमाणे मिळवलेले ३९,५०० रुपये आणि एका साखळीत गेलेले ६३,५०० रुपये शेजारी ठेवले की पद्धतीचे स्वरूप उघड होते. शिवाय ८,००० रुपयांची पैज लावलेली असताना ११ आले, तर डबलसाठी आणखी ८,००० काढावे लागतात; तिथे धीर सुटला की योग्य खेळही जातो.

मागचा डाव हरलो म्हणून पुढचा जिंकण्याची शक्यता वाढत नाही. जिंकल्यावर पैज वाढवण्याच्या पद्धती त्या मानाने निरुपद्रवी आहेत, कारण त्यांत कॅसिनोकडून आलेलाच पैसा पुढे जातो. पण हाऊस एज त्यांनीही तसूभर हलत नाही. ज्याला पत्ते मोजायचे नाहीत त्याने पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत एकच रक्कम लावावी आणि वाढ फक्त डबल व स्प्लिटमध्ये करावी.

पत्ते मोजून पैज वाढवणे

पैज बदलण्याला गणिताचा आधार मिळतो तो फक्त एका परिस्थितीत: शूमध्ये उरलेल्या पत्त्यांत दहाची पाने आणि एक्के नेहमीपेक्षा जास्त असतील तेव्हा. सर्वांत रुळलेल्या ‘हाय-लो’ पद्धतीत २ ते ६ ची पाने गेली की एक मिळवायचा, ७ ते ९ ला शून्य, आणि दहाची पाने व एक्के गेले की एक वजा करायचा. आलेल्या संख्येला उरलेल्या जोडांच्या संख्येने भागायचे. मोजणी अधिक ८ आणि शूमध्ये चार जोड शिल्लक असतील, तर खरी मोजणी अधिक २. खऱ्या मोजणीतला प्रत्येक अंक आपल्या बाजूला साधारण अर्धा टक्का सरकवतो. अधिक १ ला खेळ बरोबरीत येतो आणि अधिक २ ला अर्धा टक्का आपल्याकडे झुकतो. अधिक ३ झाल्यावर इन्शुरन्ससुद्धा फायद्याचा होतो.

अशा वेळी किती लावावे, याचे उत्तर बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्रातून मिळते आणि ते बहुतेकांना निराश करते. एकूण भांडवल २,००,००० रुपये आणि फायदा अर्धा टक्का असेल, तर सूत्राप्रमाणे पैज सुमारे ७७० रुपयांची येते. खरी मोजणी अधिक ४ पर्यंत चढून फायदा दीड टक्का झाला, तरी ती २,३०० च्या आसपासच जाते. सावध मोजणारे याच्याही निम्मेच लावतात. दोन लाखांचे भांडवल असलेल्या आणि खेळ खरोखर आपल्या बाजूने झुकलेल्या माणसाने एवढीच जोखीम घ्यायची असते, हे कळल्यावर वीस हजार घेऊन आलेल्या माणसाने ‘आज पत्ते चांगले चाललेत’ म्हणून पाच हजारांची चिप सरकवण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मनातल्या मनात मोजणे ही फसवणूक नव्हे; अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ साली पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात, केवळ मोजतो म्हणून खेळाडूला बंदी घालण्याचा अधिकार कॅसिनोला नाही असा निर्णय दिला. इतर बहुतेक ठिकाणी मात्र असे संरक्षण नाही आणि संशय आला की खेळ थांबवायला सांगतात. टेबलावर पत्ते सतत पिसणारे यंत्र असेल, तर मोजणीला अर्थच उरत नाही. आणि चिपांवरचा कर ग्राहकावर पडत असेल, तर एक-दीड टक्क्याचा फायदा तो भरून काढायला अगदीच तोकडा आहे. म्हणून आपल्याकडच्या हौशी खेळाडूला पत्ते मोजण्याचा सल्ला मी देणार नाही. १६ विरुद्ध दहाच्या पानाला नुकत्याच दिसलेल्या पत्त्यांत लहान पाने जास्त होती असे लक्षात आले, तर थांबावे. मोजणीचा एवढाच उपयोग त्याला पुरे आहे.

कुठे खेळावे आणि सराव कसा करावा

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा प्रत्यक्ष अमलात आलाच नाही आणि पुढे रद्द झाला. मराठी खेळाडूला सर्वांत जवळचे ठिकाण गोवा. तिथल्या सार्वजनिक जुगार कायद्यातील दुरुस्तीनुसार पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या खेळांची परवानगी मिळते, तर डीलरने पत्ते वाटायचे टेबल जहाजावरच चालते. म्हणून खऱ्या ब्लॅकजॅकसाठी पणजीला मांडवीतल्या जहाजांवर जावे लागते. वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला मज्जाव आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा मार्ग २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला आहे. त्यानंतरही पैसे घेणारे एखादे संकेतस्थळ दिसले, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

सरावाला पैसे लागत नाहीत. घरी पत्त्यांचा एक जोड घ्यावा, एक पान डीलरचे म्हणून उघडे ठेवावे, स्वतःला दोन पाने वाटावीत आणि निर्णय मोठ्याने बोलावा. नंतर बेसिक स्ट्रॅटेजीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. दहाची पाने निम्मी काढून ठेवली, तर एक्क्याच्या सॉफ्ट बेरजा आणि लहान पानांच्या जोड्या जास्त येतात आणि सराव नेमक्या अवघड जागी होतो. प्रत्येक निर्णय दोन सेकंदांत आणि बिनचूक येऊ लागेपर्यंत हे चालू ठेवावे, कारण टेबलावर संगीत, गर्दी आणि फुकट मिळणारे मद्य यांच्यात आठवणीला ताण दिला की पहिल्यांदा सॉफ्ट बेरजांचे नियम विसरतात. मद्य खेळून उठल्यावर घ्यावे. बेसिक स्ट्रॅटेजीचा छापील तक्ता जवळ ठेवून खेळता येईल का, हे बसताना डीलरला विचारावे. अनेक कॅसिनो त्याला हरकत घेत नाहीत, मात्र मोबाइल टेबलावर काढू देत नाहीत.